तळहातावरची अक्षरं

मूर्खपणा आधी

तीन वर्षांपूर्वी मी अडुसष्ट वर्षांची अल्लड पोर होते. अक्कलदाढा पडून गेल्या होत्या, अक्कल मात्र यायची होती. त्या कोवळ्या वयात केलेला एक मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

घोटावड्याला आमच्या घरी श्रावणात दुपारची पोथी असते. मी सातवी पास होऊन या घरात आले आणि पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी मला पाटावर बसवलं. तेव्हापासून पोथी मीच वाचते. आळीतल्या बाया कामं आटपून येतात, भिंतीला टेकून बसतात. वाचता येतं याचा मला केवढा माज होता म्हणून सांगू! एखादी डुलकी काढायला लागली की मी मुद्दाम आवाज चढवायचे.

त्या श्रावणात एके दिवशी माझा घसा बसला. इशू, म्हणजे माझ्या दीपकची मुलगी ईश्वरी, तेव्हा चौथीत होती. ती उंबऱ्याबाहेर बायांच्या चपला जोडीनं लावत होती. कुठली चप्पल कुणाची हे तिला पाठ असायचं.

"ये गं इशे, बस हितं. आज तू वाच."

"आजी, नको."

"का नको? एवढ्या मोठ्या शाळेत जातीस!"

"आजी, खरंच नको."

मी हाताला धरून तिला पाटावर बसवलं. पहिल्या शब्दाला तिनं इतका वेळ घेतला की आळीतल्या सगुणाबाईंनी पंखा हलवायचा थांबवला. दुसरा शब्द तिनं नुसत्या अंदाजानं सांगितला, तो तिसराच निघाला. कुणीतरी फिसकन हसलं. आता मी आजी, मी सांभाळून घ्यायला हवं होतं. मी काय म्हणाले? "आमची म्हैस हिच्यापरीस बरी. हाक मारली की वळून तरी बघती." सगळ्या बाया खदखदून हसल्या. सर्वांत मोठ्यांदा मीच हसले.

इशूनं पोथी नीट मिटली, तिला नमस्कार केला आणि ती गोठ्यात जाऊन बसली. बसलेल्या घशानं उरलेला अध्याय मी वाचला. छान वाचला, असं सगळ्या म्हणाल्या.

पेटी

त्या दिवाळीनंतर शाळेतल्या बाईंचा फोन आला. सुनेनं, वैशालीनं, तो स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. ऐकलेलं विसरत नाही, तोंडी विचारलं तर फाडफाड सांगते. पण छापलेलं समोर आलं की अडते. अध्ययन अक्षमता असू शकते. एकदा तपासून घ्या."

वैशाली लगेच निघाली असती. आडवी आले ती मी.

"तपासायचं काय त्यात? एकदा कागदावर आलं की जन्माचं चिकटतंय. उद्या सोयरिकीला दारात कोण येईल?"

"आई, ती दहा वर्षांची पण न्हाई अजून."

"म्हणूनच म्हणते. शिस्त लावा, वाचती का न्हाई बघा."

दीपक पिरंगुटच्या कंपनीत पाळ्या करतो. दमून येतो, आणि घरातल्या वादात आई म्हणेल ते बरोबर म्हटलं की लवकर झोपायला मिळतं, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे माझंच ठरलं. पाचवी झाली की जूनमध्ये इशूला निवासी शाळेत ठेवायचं. ती शाळा लांब होती, आणि कडक म्हणून तिचं नाव होतं. कडक हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा.

पाचवीचं वर्ष सरत आलं तसा दीपकनं पत्र्याची पेटी आणली. झाकणावर पेंटरकडून नाव घालून घेतलं. ती पेटी माजघरात ठेवली त्या दिवसापासून इशू माजघरात पाऊल टाकेना. तिचे कपडे वैशाली बाहेर आणून द्यायची. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी मनात म्हटलं, असू दे, सवय होईल.

कॅलेंडर

संकष्टीची सकाळ होती. चंद्रोदय किती वाजता हे बघायला मी भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी राहिले. चौकोन दिसत होते. चौकोनांत काळं-तांबडं काहीतरी होतं. पण त्याचं काही होईना. मुंग्या बसल्यासारखं सगळं नुसतं तिथं होतं.

"वैशाली, कॅलेंडरवर पाणी कुणी उडवलं?"

ती आली, बघितलं, म्हणाली, "पाणी कुठाय आई? चांगलं तर हाय."

मी चष्मा पदरानं पुसला. पुन्हा बघितलं. मग म्हटलं, "हा, हा, दिसलं." खोटं बोलले. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की हे कुणाला कळू नये असं वाटत होतं. स्वयंपाकघरात जाताना उजवा खांदा चौकटीवर आपटला. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

दुपारी दीपक आल्यावर त्याच्या गाडीवर बसून पिरंगुटला चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं समोरचा बोर्ड दाखवला. "आजी, सगळ्यात वरचं मोठं अक्षर सांगा."

अक्षर ताटाएवढं होतं. मला त्याच्या कडा दिसत होत्या, गाठ दिसत होती. नाव येईना.

"तुमचा बोर्ड जुना झालाय," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं माझ्या उजव्या बाजूला हात हलवला आणि विचारलं, "आजी, माझा हात कुठाय?" मला हात दिसतच नव्हता. तो दीपककडे वळून म्हणाला, "चष्म्याचं नंतर बघू. आईंना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या."

ज्यांच्या घरात असं काही होईल त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: एकाएकी वाचता येईना, एका बाजूचं दिसेना, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि "हा, दिसलं" असं खोटं बोलू नका. माझे ते खोटेपणाचे तास फार महागात पडले.

चुलतदिराची गाडी आली. मला मागच्या सीटवर बसवलं. पिरंगुटपासून बावधनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या आहेत. इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक पाटी वाचायचे आणि चूक दिसली की हसायचे. त्या दिवशी एकही पाटी माझ्याशी बोलली नाही. त्या सगळ्या रस्त्यात मी कुणाच्याच ओळखीची नव्हते.

माझ्याच हातचं

मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. डॉक्टरांनी दीपकला बरंच समजावलं, मला थोडंच. म्हणाले, "आजी, तुमचे डोळे चांगले आहेत. बोलणं चांगलं आहे. डोळ्यांनी बघितलेलं अक्षर जिथं ओळखलं जातं, तिथला रस्ता बंद झालाय."

मग त्यांनी कागद आणि पेन दिलं. "नाव आणि गाव लिहा."

मी झरझर लिहिलं. हात अडखळला नाही. माझं अक्षर वळणदार, त्याचाही माज होताच. मला वाटलं, गेलं संकट. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, चहा घेतला का, झोप लागली का, असं इकडचं तिकडचं विचारलं आणि तोच कागद पुन्हा माझ्यापुढे धरला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं.

वैशाली शेजारी उभी होती. तिनं तोंडाला ओढणी लावली. तेव्हा मला कळलं की तो माझाच कागद होता. नवरा गेला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

वॉर्डातले दिवस एकसारखे जात. पहाटे रक्त काढायला यायचे, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. घोळक्यातली शिकाऊ मुलं माझ्याकडे कौतुकानं बघायची, जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासराकडे बघावं तसं. "लिहिता येतं, वाचता येत नाही!" असं आपसात म्हणायची. एकदा मी बायकांचं समजून पुरुषांच्या बाथरूममध्ये शिरले. आत एक गृहस्थ दाढी करत होते. ते माझ्यापेक्षा जास्त ओरडले. संध्याकाळी वैशालीनं आपल्या ओढणीची हिरवी किनार फाडून बायकांच्या दाराच्या कडीला बांधली. कुणाला काही बोलली नाही, मलाही नाही. सकाळी मला ती हिरवी चिंधी दिसली. त्या हॉस्पिटलात माझ्यासाठी वाचता येण्यासारखी तेवढी एकच पाटी होती.

त्या चिंधीला धरून मी रडले. दारं ओळखायला इशू काय करत असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

शेजारची मुलगी

वाचायचं पुन्हा शिकवायला एक तरुण मॅडम यायच्या. कल्याणी त्यांचं नाव. पुठ्ठ्यातून कापलेली अक्षरं त्या माझ्या हातात द्यायच्या. डोळ्यांना न कळलेलं अक्षर त्याच्या कडेनं बोट फिरवलं की कळायचं. 'क' हाताला लागला तेव्हा हरवलेली म्हैस सापडावी तसा आनंद झाला.

एक दिवस मी साळसूदपणे विचारलं, "मॅडम, आमच्या शेजारी एक मुलगी हाय. तिलाबी वाचता येत न्हाई. तिलाबी असा झटका येऊन गेला असंल का?"

"किती वर्षांची?"

"अकरावं चालू हाय."

"बोलते कशी?"

"तोंड बंद होत न्हाई."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आजी, तुमचं घर बांधलेलं होतं, त्यातली एक भिंत पडली. अशा मुलांचं घर मुळातच वेगळ्या नकाशावर बांधलेलं असतं. घर मोडकं नसतं. आपण आपल्या सवयीच्या जागी दार शोधतो आणि दार नाही म्हणून ओरडतो."

मग त्यांनी समजावलं. मला कळलं तसं सांगते. काहींना वाचनाची अडचण असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ लवकर बसत नाही, ओळ हातून सुटते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. काहींना लिहिण्याची असते. डोक्यात उत्तर तयार असतं, पण कागदावर उतरताना अक्षरं एकमेकांवर चढतात, काना-मात्रा गळतात, हात दुखून येतो. ती डिसग्राफिया. काहींना आकड्यांची. सात मोठे की नऊ हे सांगायलाही बोटं लागतात, घड्याळ कळत नाही, हातचा कुठं गेला ते समजत नाही. ती डिस्कॅल्क्युलिया. कुणाकडे एकच असते, कुणाकडे दोन-तीन एकदम असतात. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही, आळसाचा तर नाहीच. मारून जात नाही. लाजवून वाढते ती भीती, आणि मग येतं तेही येईनासं होतं.

"आणि अशी मुलं चतुर असतात," मॅडम म्हणाल्या. "धडा ऐकून पाठ करतात आणि पुस्तक समोर धरून वाचल्यासारखं करतात. पकडले जाऊ नये म्हणून सगळा दिवस धडपडतात. किती दमत असतील!"

'हा, हा, दिसलं' हे माझे शब्द मला आठवले. मी एकच सकाळ तसं केलं होतं.

मॅडम उठताना म्हणाल्या, "आजी, त्या शेजारच्या मुलीला घेऊन या. आडनाव तुमचंच असेल तरी चालेल."

वैशाली बोलली

घरी आले. पेटी माजघरात होतीच. मी दीपकला म्हटलं, "पोरीला कुठं पाठवायचं न्हाई. तिला तपासायला न्यायची."

दीपक भडकला. "आई, तूच म्हणालीस ना? कडक शाळा, कडक शाळा! सगळं ठरल्यावर आता न्हाई म्हणून सांगू त्यांना?"

"व्हय. सांग, म्हातारीचं डोकं फिरलं. खोटं न्हाई, डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. वैशाली भाकरी थापत होती. लग्न झाल्यापासून ती मला उलटून बोललेली नाही. त्या दिवशी तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "आई, तुमाला झटका आला म्हणून तुमाला कळलं. नसता आला तर?"

भाकरी फुगली, तिनं ती उलटली. नसता आला असता तर जूनमध्ये माझी नात त्या पेटीसकट गेली असती, आणि मी अंगणात उभी राहून हात हलवला असता. हे लिहिण्याचं खरं कारण म्हणाल तर वैशालीचा तो प्रश्न आहे. माझ्यासारख्या आज्या गावोगावी आहेत, आणि प्रत्येकीला झटका यावा असं काही मी म्हणणार नाही.

तपासणीला पुण्याला बऱ्याच खेपा झाल्या. एका दिवसात होत नाही, आधीच सांगून ठेवते. कान, डोळे, बुद्धी सगळं बघतात, घरच्यांना विचारतात, शाळेचं मागवतात. दीपक दोनदा सुट्टी टाकून आला. शेवटी कळलं की इशूला वाचनाची आणि लिहिण्याची अडचण आहे, आकड्यांची नाही. बुद्धी चांगली आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यातून दाखला मिळाला की परीक्षेत जास्त वेळ मिळेल, गरज पडली तर लेखनिकही मिळेल.

इशू सगळं ऐकत होती. तिनं कल्याणी मॅडमना विचारलं, "हे कधी जाणार?"

"पूर्ण जात नाही. पण वाट सापडते. हळूहळू वाचशील."

"आणि आजीचं?"

"आजींचं थोडं परत येईल. सगळं येईलच असं नाही."

इशूनं विचार केला आणि म्हणाली, "मग आजीला जास्त वेळ द्या. मी अजून लहान हाय."

दीपक पाणी आणायला म्हणून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

परात

मॅडमनी दोघींना एकच काम दिलं होतं. अक्षर नुसतं बघायचं नाही, बोटानं काढायचं, तोंडानं त्याचा आवाज करायचा. आमच्या घरी आंबेमोहर तांदूळ शेतातलाच. वैशालीनं परातीत कणी पसरली आणि आम्ही दोघी समोरासमोर बसू लागलो. इशू काढायची, मी तिच्या रेघेवरून बोट फिरवून ओळखायचे. मग मी काढायचे, ती वाचायची.

मास्तरीण म्हणून ती माझ्यावर गेली आहे. मी 'घ' ला 'ध' म्हटलं की परातीवर टिचकी मारायची. "अंदाजपंचे सांगू नको आजी! बोट फिरव!" मी म्हणायचे, "फिरवते की गं, मारतीस का काय?" कणीत हात घालून घालून आमची बोटं पांढरी व्हायची आणि कोंबड्या दारात रांग लावायच्या.

एकदा कणीत अक्षर काढता काढता ती म्हणाली, "आजी, मला वाटायचं सगळ्यांना अक्षरं पळताना दिसत्यात, फक्त बाकीचे पळणारी पकडत्यात." मी तिचा हात धरून ठेवला. सॉरी म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "भाकरी खातीस का गरम?" ती म्हणाली, "खाते." ती पेटी आता तांदळाची आहे. झाकणावर अजून तिचं नाव आहे.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिते आहे. लिहिलेलं संध्याकाळी वैशाली वाचून दाखवते, कारण माझं मला सलग वाचता येत नाही. बोट फिरवत एक ओळ होते, तेवढ्यात डोकं दुखतं. तेव्हा कुठं चुकलं असेल तर ते मला दिसलेलं नाही, असं समजून घ्या.

पुन्हा श्रावण

झटक्यानंतरचा पहिला श्रावण आला. मी सगुणाबाईंना निरोप धाडला, यंदा पोथी नाही. त्या स्वतःच आल्या. म्हणाल्या, "तुमी नुसतं बसा वं. आमी येतो. जेवढं हुईल तेवढं हुईल."

मला वाटलं, निम्मी पोथी तर मला पाठ आहे. समोर धरीन आणि म्हणत जाईन, कुणाला काय कळतंय? खोड जात नाही बघा. पाटावर बसले. इशू शेजारी येऊन बसली. मी तिला बोलावलं नव्हतं.

पहिला भाग सुरेख गेला. मी ओळीवरून नजर फिरवत होते, म्हणत होते पाठ असलेलं. मध्येच इशू माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आजी, पान उलट." माझं म्हणणं पुढच्या पानावर गेलं होतं आणि पान मागचंच होतं. ही युक्ती तिच्याइतकी कोण ओळखणार?

मग पाठ होतं ते संपलं. पुढची ओळ आली आणि मी थांबले. बायांकडे बघायचं धाडस होईना. घराबाहेर म्हशीची साखळी वाजली तेवढीच. पदराखाली इशूनं माझा हात उघडला आणि तळहातावर बोटानं अक्षर काढलं. तिलाही वेळ लागत होता. ती ओळीकडे बघायची, ओठ हलवायची, मग काढायची. 'स'. मग काना. मग पुढचं. मी तळहातावर वाचत होते आणि तोंडानं म्हणत होते. शब्द कसाबसा पुरा झाला. पुढं पुन्हा अडले, पुन्हा तिचं बोट आलं. सगुणाबाई पंखा हलवत राहिल्या, माझ्याकडे न बघता. अध्याय पुरा व्हायला चहाची वेळ टळून गेली. कुणी उठलं नाही.

बाया गेल्यावर मी उंबऱ्याशी आले. इशू पाठमोरी, रिकाम्या पायरीकडे बघत उभी होती. त्या दिवशी तिनं चपला लावल्या नव्हत्या, ती आत माझ्याजवळ होती. मला वाटलं ती खूश असेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वळली नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, त्यात माझं काही नाही:

"आजी, तू अडकलीस तवा कुणी हसलं न्हाई गं."